औषधास दाद न देणारी पेशी : एक गणिती विचार



गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला होता. त्याच्या वडिलांस कर्करोग झाला होता. प्रथम औषधानें गांठ निम्म्याहून लहान झाली व घरांत आनंद झाला. परंतु कांहीं महिन्यांनीं ती पुनः वाढूं लागली, आणि तेंच औषध, तितकेंच दिलें असतां, तिजवर चालेना. मुलानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, औषध बनावट होतें, कीं पथ्यांत आमच्या हातून कांहीं चुकलें?" त्यास आम्हीं जें सांगितलें, तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडतों. या प्रश्नाचें उत्तर जितकें वैद्यकांत आहे तितकेंच गणितांत आहे, आणि तें समजण्यास शाळेंतील गणित पुरेसें आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत, पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत, कापूस पिकतो. म्हणून आरंभ शेतापासूनच करूं. २००२ सालीं भारतांत बीटी कापसास परवानगी मिळाली. या झाडाच्या अंगींच बोंडअळीस मारक असें विष तयार होतें. २००६ सालीं दोन विषांचें बियाणें आलें. आरंभीं अळ्या मेल्या, फवारणी कमी झाली. पण २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील शेतकरी बोंड फोडून पाहतो तों आंत शेंदरी बोंडअळी! बियाणें खोटें होतें काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. असंख्य अळ्यांत एखादी त्या विषास दाद न देणारी आधींच असते. बाकीच्या मेल्या, तिचा वंश उरला व वाढला. विषानें तिला घडविलें नाहीं. विषानें तिला निवडलें.

हें नुसतें अनुमान नव्हे. १९४३ सालीं लुरिया व डेलब्रुक या शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या नळ्यांत जंतु वाढवून त्यांवर मारक विषाणु सोडले. जंतूंत बदल विषाणूंच्या स्पर्शानें होत असता, तर वांचलेल्यांची संख्या प्रत्येक नळींत सुमारें सारखी आली असती. ती कोठें शून्य, तर कोठें फार मोठी आली. अर्थात् बदल आधींच, कोठें लवकर तर कोठें उशिरा, झालेला होता. १९७९ सालीं कॅनडांतील गोल्डी व कोल्डमन यांनीं हाच विचार कर्करोगाच्या पेशींस लावला.

आतां पाटी घ्या. समजा, पेशी दुभंगतांना सरासरीनें दहा लाख वेळांत एकदां अशी पेशी उपजते कीं जी एका विशिष्ट औषधास दाद देत नाहीं. एका पेशीच्या एक लाख पेशी होण्यास एका उण्यानें एक लाख विभाजनें लागतात. तितक्या विभाजनांत एकहि हट्टी पेशी न उपजण्याचा संभव शेंकडा ९० निघतो. पेशी दहा लाख झाल्या म्हणजे तो शेंकडा ३७ वर येतो. आणि एक कोटी झाल्या म्हणजे लाखांत पांचाहूनहि कमी राहतो. एक लाखापासून एक कोटीपर्यंत जाण्यास सात दुपटीसुद्धां लागत नाहींत! लॉगॅरिथमच्या कोष्टकानें हा हिशेब ताडून पाहावा.

एक ग्रॅम वजनाची, टपोऱ्या हरभऱ्याहून थोडी मोठी गांठ घेतली, तरी तींत ढोबळमानानें एक अब्ज पेशी असतात. म्हणजे तीस दुपटी होऊन गेलेल्या असतात. तेव्हां एकट्या औषधानें ती समूळ जाण्याची आशा फार थोडी. म्हणून डॉक्टर दोन-तीन औषधें एकत्र देतात. दोन्ही औषधांस दाद न देणारी पेशी मिळण्याचा संभव दहा लाखांचा दहा लाखांशीं गुणाकार करून काढावा : एक लाख कोटींत एक. एक अब्ज पेशींच्या गांठींत ती असण्याचा संभव हजारांत एक इतकाच. परंतु रोग्यानें वेळ दवडला व आणखी दहा दुपटी झाल्या, तर तोच संभव शेंकडा ६३ होतो. औषधें तींच, डॉक्टर तेच; बदलला तो केवळ काळ.

ही प्रतिकृति आहे, प्रत्यक्ष नव्हे, हें विसरूं नये. गांठींत पेशी मरतहि असतात. कित्येकदां एकच बदल अनेक औषधांस निष्प्रभ करतो. तरी प्रतिकृति विचारास दिशा देते. कापसांत नियम होता कीं, शेताच्या कडेनें साध्या कापसाच्या पांच ओळी, किंवा शेंकडा २० क्षेत्र, यांपैकीं जें अधिक तें राखावें, म्हणजे दाद देणारी अळीहि शिल्लक राहील व संकरानें हट्टी वंश विरळ होईल. पुष्कळांनीं तो पाळला नाहीं. पेशींत संकर नाहीं, पण जागेसाठीं व पोषणासाठीं चढाओढ आहे. अमेरिकेंतील रॉबर्ट गेटेनबी यांनीं हें ओळखून, साध्या पेशी कांहीं राखाव्या म्हणजे त्या हट्टी पेशींस दाबून ठेवतील, असें गणित मांडलें. २०१७ सालीं त्यांच्या गटानें प्रोस्टेट ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगाच्या अकरा रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रक्तांतील खूण निम्मी झाली कीं औषध थांबवावें, ती पूर्ववत् झाली कीं पुनः द्यावें, अशी ती रीत. औषध निम्म्याहून कमी लागलें आणि रोग अधिक काळ आटोक्यांत राहिला. रोगी थोडे होते, म्हणून यावरून घाईनें सिद्धांत काढूं नये; आणि कोणा रोग्यानें आपल्या मनानें औषध थांबविणें तर घातकच.

त्या मुलास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, "औषध खोटें होतें असें यावरून ठरत नाहीं, आणि तुमचेंहि कांहीं चुकलें नाहीं. ती पेशी पहिल्या गोळीच्या आधींच तेथें होती." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आम्ही आणखी लवकर जावयास हवें होतें." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मित्रहो, आपल्या गांवीं तंबाखू खाणारे थोडे नाहींत. तोंडांतील जखम तीन आठवड्यांत भरली नाहीं, तर घरच्यांस दवाखान्यांत घेऊन जा. दुपटीचें गणित तुम्हांस येतें. तें त्यांस समजावून सांगा.