घरच्या तेलाला, जेलला वास येतोय?

‘माका-ब्राह्मीचं तेल महिन्यात खवट झालं’, ‘कोरफडीच्या जेलला आंबूस वास येतोय’, अशा तक्रारी माझ्याकडे पावसाळ्यात हमखास येतात. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘थोडं लव्हेंडर तेल घालून वापरू का?’ कृपा करून वापरू नका. वास झाकल्यानं बिघाड जात नाही. शिवाय सुगंधी द्रव्यं हे त्वचेच्या ॲलर्जीचं नेहमी आढळणारं कारण आहे आणि लव्हेंडरचं किंवा लिंबाचं तेल हवा लागून जुनं झालं की जास्तच बाधतं. त्यापेक्षा वास कसला आहे ते ओळखा, म्हणजे काय चुकलं ते बहुतेक वेळा कळतं.

जुन्या शेंगदाण्यांना येतो तसा खवट वास असेल, तर तेलाचं हवेतल्या ऑक्सिजनमुळे विघटन झालं आहे. उष्णता आणि उजेड यांमुळे ते लवकर होतं. खोबरेल टिकाऊ असतं; बदाम, सूर्यफूल आणि विशेषतः जवसाचं तेल त्या मानानं फार लवकर खवट होतं. पाल्याचं हिरवंगार तेल पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवणं तर मुळीच बरं नाही, कारण त्यातलं हरितद्रव्य उजेडात हा बिघाड वाढवतं. लोखंडी कढईत तेल उकळण्याची आपली जुनी पद्धत आहे, ती पाळायला हरकत नाही. पण तेल त्याच कढईत रात्रभर मुरत ठेवू नका. लोह आणि तांबं दोन्ही तेल खवट व्हायला मदत करतात. आणखी एक सवय मोडा: तळाशी जुनं तेल उरलेल्या बाटलीत नवं ओतायचं. जुन्यातला बिघाड नव्याला लगेच लागतो. बाटली धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरा. गडद काचेची, लहान तोंडाची आणि गळ्यापर्यंत भरलेली बाटली उत्तम.

खोबरेलाला साबणासारखा किंवा कुबट वास आला, तर पाणी राहिलं असं समजा. जास्वंद, कढीपत्ता, माका यांच्यातलं पाणी पूर्ण उडायला हवं. मंद आचेवर तडतड थांबली आणि पानं कुरकुरीत झाली की तेल उतरवा, गार झाल्यावर कोरड्या फडक्यानं गाळा. ओली बोटं बाटलीत घालू नका.

खरी काळजी मला पाण्याच्या पदार्थांची वाटते: कोरफडीचा गर, जवसाचं जेल, तांदळाचं पाणी, गुलाबपाण्यात कालवलेला लेप. यांत जंतू आणि बुरशी यांना पाणीही मिळतं, खाद्यही. आंबूस किंवा गटारासारखा वास, आधी नसलेली तार सुटणं, बुडबुडे, रंगाचे ठिपके यांपैकी काहीही दिसलं, तर सगळं टाकून द्या. वरचा थर काढून खालचं वापरू नका. अनेकजण यात व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घालतात आणि निश्चिंत होतात. ते तेलाचं खवटणं लांबवतं. जंतूंना मारत नाही. फ्रिजमुळेही त्यांची वाढ फक्त मंदावते. म्हणून तीन-चार दिवस पुरेल इतकंच करा. कोरफडीचं पान कापल्यावर पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. त्यानंही त्वचा चुरचुरते.

वास आला नाही म्हणजे ते सुरक्षित आहे असंही नाही. सुडोमोनाससारखे जंतू पाणी असलेल्या प्रसाधनात काही न जाणवता वाढू शकतात आणि डोळ्याच्या बुबुळाला गंभीर इजा करू शकतात. घरचं जेल किंवा क्रीम डोळ्यांजवळ लावू नका. तान्ह्या बाळाला, नुकत्याच वॅक्सिंग केलेल्या त्वचेवर किंवा जखमेवर तर अजिबात नको. मधुमेह असलेल्यांनीही जपावं.

कांद्याच्या तेलाचा उग्र वास मात्र गंधकाच्या संयुगांचा असतो, तो बिघाड नव्हे. मेथीलाही तिचा वास असणारच. तेल केल्या दिवशी एकदा हुंगून ठेवा, पुढे फरक कळेल.

लावल्यावर आग झाली, खाज सुटली किंवा केसांच्या मुळाशी पुळ्या आल्या, तर साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा. त्यावर हळद, लिंबू किंवा टूथपेस्ट लावू नका. दोन दिवसांत उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. जाताना ती बाटली आणि त्यात काय काय घातलं त्याची यादी सोबत न्या.