शाळेचे वर्ष आणि गळिताचा हंगाम



शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलअखेर संपते. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, तो मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवली की आजच्या अभ्यासाचा विषय ध्यानात येईल. दिवाळीची सुट्टी संपवून आपली मुले शाळेत जातात, नेमकी तेव्हा बीडकडची, पाथर्डी-शेवगावकडची मुले आईबापांबरोबर बिऱ्हाड घेऊन आपल्या फडावर उतरतात. पहिले सत्र गावात होते, दुसरे पाचटात जाते. पहिली ते सातवी असेच चालले तर सात वर्षांत साडेतीन वर्षांची शाळा बुडाली. एवढा खाडा पडल्यावर मूल 'ढ' निघाले म्हणून बोट कुणाकडे दाखवायचे?

आपण म्हणतो, शाळा सर्वांना खुली आहे, फी नाही, पुस्तके फुकट, दुपारचे जेवणही मिळते. सगळे खरे. पण दार सर्वांना सारखे उघडे असले तरी ते उघडते कधी, हेही पाहावे लागते. ज्याचे घर सहा महिने एका जागी नसते, त्याला सारखी वागणूक देऊन भागत नाही. वेगळी सोय करावी लागते. कायद्याने हे मानलेले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम ठरवले आहे. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून जवळची सरकारी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. वयानुसार वर्गात बसवायचे, असेही त्यात आहे. पण वस्तीपासून शाळा दोन-तीन किलोमीटर, रस्ता ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांचा, आणि टोळी पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात. टोळी सीमेपार कर्नाटकात गेली तर जवळची शाळा बहुधा कानडी.

मुलींचे आणखी अवघड. आईबाप पहाटे फडात गेले की धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे हे थोरल्या मुलीकडे. शिवाय तोडणीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल पूर्ण कोयत्याला जास्त मिळते, म्हणून पोराचे लग्न लवकर उरकायचे, नि त्यासाठी कुणाची तरी पोर चौदा-पंधराव्या वर्षी शाळेतून उठवायची. कायद्याने लग्नाचे वय मुलीला १८, मुलाला २१.

कोयत्यातली बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. परत आली की चूल तिचीच. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ सालीच झाला. पण जिथे बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, तिथे समान कशाशी करायची? आजारपणाचा खाडाही उचलीतून वळता होतो. २०१९ साली बीड जिल्ह्यात शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा आपण सावकाश वाचावा.

सभासदांची बाजूही आहे. मुकादम उचल घेऊन पसार होतो, तोड लांबते, ऊस वाळतो, टोळी वर पैसे मागते. या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्यांचा हिशेब आठ वर्षांच्या पोराकडून का वसूल करायचा?

आपल्या भागाला ही गोष्ट नवी वाटू नये. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली नि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे बोर्डिंग उभे केले. आपल्यापैकी किती घरांत पहिला शिकलेला माणूस असल्या बोर्डिंगातून आला! घर लांब असले तरी मूल शाळेजवळ ठेवायचे, एवढीच ती युक्ती.

तीच युक्ती ऊसतोड मुलांना लागू आहे. आईबाप हंगामाला गेले तरी मूल गावातच राहावे, यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, मुलांचे एक, मुलींचे एक. ऊसतोड महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्याने १० रुपये आणि तितकेच शासनाने द्यायचे, असेही ठरले. पाच लाख टन गाळपाला कारखान्याचे ५० लाख होतात. ही रक्कम आपल्या उसातून जाते. म्हणून ती भरली का, हे वार्षिक सभेत विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

तोवर जी मुले फडावर आलीच, त्यांचे काय? चिठ्ठी मिळून आपल्या रानात टोळी पडली की सहा ते चौदा वयाची मुले किती, ते स्लिपबॉयकडून लिहून घ्यावे आणि यादी वस्तीशाळेच्या गुरुजींकडे द्यावी. नावे घालण्याला अडवले तर कायद्याचे वरचे कलम सांगावे. शाळा लांब असेल तर आपली पोरे ज्या गाडीने जातात त्याच गाडीत त्यांनाही बसवावे. खोपीजवळ पाण्याची टाकी नि आडोशाचा संडास असला, तर थोरलीला पाण्यासाठी घरी थांबावे लागत नाही. मोळ्या वाहायला पोर दिसले तर मुकादमाला तिथल्या तिथे टोकावे. आणि टोळी पुढच्या शिवारात निघाली, की यादीची नक्कल तिथल्या सभासदाकडे पोचती करावी.