वखारीतला मुक्काम

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला 'रिपेअर अँड रिहॅबिलिटेशन' हा विषय बऱ्याच ठिकाणी इलेक्टिव्ह म्हणून असतो. तो घेणारे दोन प्रकारचे. एकाला जुन्या इमारतींची खरंच ओढ असते आणि दुसऱ्याला सीनियरने सांगितलेलं असतं की यात मार्क बरे पडतात! दोघांनाही चालेल असा या विषयातला एक धडा इथे एकाच इमारतीवर बसवून बघू. इमारत जपानमध्ये आहे, ओनोमिची नावाच्या समुद्रकाठच्या गावात. आधी ते बंदरावरचं गोदाम होतं, आज तिथे माणसं पैसे मोजून झोपतात. मेकॅनिकल-कॉम्प्युटरवाल्यांनी लगेच पान उलटू नये. आकडेमोड दहावीच्या पुढची नाही.

आधी शब्दांचं बघू, कारण इथे शब्दातच अर्धं स्ट्रक्चर आहे. आपल्याकडे गोदाम आणि वखार असे दोन शब्द. वखार म्हटलं की शाळेतली सुरतेची नि राजापूरची इंग्रजांची वखार आठवते. आणि सरकारी कागदावर 'महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ' आजही आहेच. तिथे माल महिनोन्‌महिने राहतो. जपानी बंदरावर 'उवाया' म्हणून एक वेगळा प्रकार असतो. जहाजातून उतरलेला माल पुढे गाडीवर चढेपर्यंत पावसापासून वाचवायचा, एवढंच त्याचं काम. आपले बंदरावरचे लोक त्याला ट्रान्झिट शेड म्हणतात. वखार बहुधा मजल्यावर मजले चढवलेली, जाड पोटाची. उवाया मात्र बहुधा बैठी, लांबलचक आणि धक्क्याला समांतर. रूपांतर करताना या दोघींची दुखणी अगदी वेगळी निघतात. ती पुढे येतीलच.

ओनोमिची हे हिरोशिमा प्रांतातलं गाव. समोर सेतो समुद्र, पण गावापुढे मुकाइशिमा बेट इतकं जवळ आहे की मधली खाडी नदीसारखी दिसते. जेमतेम दोन-तीनशे मीटर. मागे लगेच डोंगर, त्यावर देवळं आणि चढणीवरची घरं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, बाजार नि धक्का. 1169 साली हे बंदर सुरू झालं, म्हणजे 2019 मध्ये त्याला 850 वर्षं झाली. तांदूळ, मीठ, सुकी मासळी असा माल शतकानुशतकं इथून हलला. समोरच्या बेटावर जहाजं बांधायचे कारखाने उभे राहिले. आपलं गोदाम या सगळ्याच्या मानाने तरुणच, 1943 सालचं, म्हणजे ऐन महायुद्धातलं. त्याचं सरकारी नाव होतं 'प्रांतिक उवाया क्रमांक 2'.

मग अशा शेडची गरज संपली कशी? जगभरच्या बंदरांवर याचं मोठं कारण एकच, कंटेनर. 1956 साली अमेरिकेत माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' जहाजावर लोखंडी पेट्या चढवून पहिली मोठी फेरी केली, तेव्हापासून चक्र फिरलं. पेटी स्वतःच गोदाम झाली. पावसात भिजत उभी राहिली तरी आतल्या मालाला काही होत नाही. मग धक्क्यालगतच्या छपराची कशाला गरज? शिवाय मोठ्या कंटेनर जहाजांना खोल पाणी आणि पाठीमागे मोकळं पटांगण लागतं. खाडी आणि डोंगर यांच्यात अडकलेल्या जुन्या गावांकडे दोन्ही नसतं. माल दुसरीकडे गेला आणि शेड जागेवर राहिली.

ओनोमिचीचं दुसरं दुखणं माणसांचं. जपानच्या बऱ्याच छोट्या गावांसारखी इथलीही तरुण पोरं शहरात गेली, डोंगरावरची घरं रिकामी पडली. पाहुणे येत नव्हते असं नाही. देवळं बघायला, यासुजिरो ओझूच्या 'टोकियो स्टोरी' (1953) या सिनेमातलं गाव बघायला भरपूर यायचे. पण दिवसभर हिंडून मुक्कामाला हिरोशिमा नाहीतर फुकुयामा गाठायचे. आपल्याकडच्या एखाद्या तीर्थाच्या गावाला विचारा, दिवसाची गर्दी आणि रात्रीचा मुक्काम यात गावाच्या पोटापाण्याचा किती फरक पडतो ते. रात्री राहणारा माणूस दोनदा जेवतो, सकाळी न्याहारी करतो, आणि त्याच्यासाठी कुणीतरी चादरी धुतो, पाव भाजतो, हिशेब ठेवतो. म्हणजे ही गोदामाच्या दुरुस्तीची गोष्ट मुळात नोकऱ्यांची गोष्ट होती.

मार्च 2014 मध्ये त्या शेडमध्ये 'ओनोमिची यू-टू' सुरू झालं. यू म्हणजे उवाया, टू म्हणजे क्रमांक दोन! एवढ्या रुक्ष सरकारी नावाचं इतकं झकास बारसं क्वचितच कुणी केलं असेल. आराखडा 'सपोज डिझाइन ऑफिस' या हिरोशिमातून पुढे आलेल्या आर्किटेक्ट मंडळींचा. साधारण 2,000 चौरस मीटर जागेत रेस्टॉरंट, बेकरी, कॅफे, सायकलचं दुकान, आणि 28 खोल्यांचं 'हॉटेल सायकल'.

सायकल का, तर ओनोमिचीतूनच शिमानामी काइदो हा रस्ता निघतो. सहा बेटं पुलांनी जोडत साधारण 70 किलोमीटरवर शिकोकू बेटावरच्या इमाबारीला पोचणारा. 1999 मध्ये पुलांची साखळी पूर्ण झाली आणि त्यावर सायकलसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. त्यातला तातारा पूल 890 मीटर मुख्य गाळ्याचा, 2008 मध्ये चीनच्या सुतोंग पुलाने मागे टाकेपर्यंत पूर्ण झालेल्या केबल-स्टेड पुलांत जगात सर्वात लांब गाळ्याचा. (तो आधी झुलता पूल व्हायचा होता. अँकरेजसाठी डोंगर फार खोदावा लागेल म्हणून प्रकारच बदलला. ब्रिजवाल्यांनी व्हायवासाठी लक्षात ठेवा.)

तर पाहुण्याने संध्याकाळी स्टेशनवर उतरायचं, धक्क्याने पाचेक मिनिटं पश्चिमेला चालायचं की ती बैठी लांब इमारत येते. सायकल असेल तर तिच्यासकट थेट आत. चेक-इन सायकलसकट, आणि खोलीत भिंतीवर सायकल टांगायला हूक. आपल्या होस्टेलवर सायकल खोलीत नेली तर रेक्टरसाहेब काय करतील याची कल्पना करून बघा! दुकानं आणि खोल्या यांच्यामधून गल्लीसारखी वाट जाते, वर जुन्या शेडचं छप्पर तसंच दिसतं. गावातल्या जुन्या घरांचं लाकूड आणि मॉर्टर, नि समोरच्या जहाज कारखान्यांचं स्टील, या तीन गोष्टींवरच सगळी सजावट उभी आहे. सकाळी उठायचं, हुकावरून सायकल काढायची, पाचेक मिनिटांची फेरी पकडून मुकाइशिमाला, आणि पुढे पूल.

आता धडा. बाहेरून जुनं कवच जवळजवळ तसंच ठेवून त्या छपराखाली खोल्या दोन मजल्यांत बसवल्या आहेत. पेटीत पेटी. हे छान दिसावं म्हणून करतात असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या मते दिसणं हा बोनस. खरी कारणं तीन.

पहिलं म्हणजे उजेड. खिडकीच्या वरच्या कडेची जी उंची, तिच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंतच दिवसाचा कामाचा उजेड पोचतो, हा जुना ठोकताळा. कड 2.4 मीटरवर असेल तर पाच-सहा मीटर. गोदाम त्याहून कितीतरी रुंद असतं, आणि मुळात खिडक्या कमी नि उंचावर, कारण मालाला ऊन नको आणि चोरालाही वाट नको. म्हणजे मधला पोटाचा भाग अंधाराचा. तिथे बाथरूम, जिना, पॅसेज, दुकानं ढकलायची, नाहीतर छपरातून उजेड आणायचा. भिंतीला सरसकट मोठाल्या खिडक्या पाडणं हा तिसरा मार्ग, पण त्यात जुनी भिंतच दुबळी होते. अशा हॉटेलच्या खोल्या जरा काळोख्या लागतात अशी तक्रार कुणी केली तर ती खरी मानावी. गोदामाचा तो स्वभावच आहे.

दुसरं कारण भार. इथे बैठी आणि मजल्यांची असा भेद येतो. मजल्यांच्या वखारीचं उदाहरण म्हणजे कोपनहेगनच्या धक्क्यावरचं ॲडमिरल हॉटेल, 1787 मध्ये बांधलेलं धान्याचं गोदाम, 1978 पासून हॉटेल. तिथे खोल्याखोल्यांतून पाइनच्या जाडजूड तुळया दिसतात. त्या इतक्या जाड का, याचं उत्तर आपल्या आयएस 875 च्या दुसऱ्या भागावरूनही कळतं. गोदामाला साठवणीच्या दर मीटर उंचीमागे 2.4 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरायचे, किमान 7.5. चार मीटर थप्पी असेल तर 9.6. आणि हॉटेलच्या बेडरूमला? फक्त 2. म्हणजे वखारीच्या मजल्याला पाहुणे म्हणजे चिल्लर! पण थांबा. पार्टिशनचा किमान 1 धरा. बाथरूमला आपल्या पद्धतीने 300 मिलिमीटर सनला करून विटांचा चुरा भरलात तर तिथेच पाचेक किलोन्यूटन गेले. शिवाय जिना नि पाइप न्यायला स्लॅब कापला की सळयाही कापल्या. शिल्लक दिसते तेवढी नसते.

भूकंपात मात्र फायदा खरा आहे. आयएस 1893 प्रमाणे भूकंपाचं वजन काढताना 3 पर्यंतच्या लाइव्ह लोडचे 25 टक्के आणि त्यावर असेल तर 50 टक्के धरतात. 9.6 चे 4.8 होतात, 2 चा होतो अर्धा. इमारत हलकी होते.

ओनोमिचीच्या बैठ्या शेडमध्ये हा मजल्यांचा प्रश्न येत नाही, तिथे माल थेट जमिनीवरच असायचा. तिथली अडचण वेगळी. जपानचे भूकंपाचे आजचे नियम 1981 पासूनचे आणि शेड 1943 ची. तिचे खांब-तुळया छपरापुरतेच. त्यावर नवा मजला टांगण्यापेक्षा आतल्या मजल्याला स्वतःचे पाय देणं केव्हाही शहाणपणाचं. अर्थात दोन सांगाडे वेगवेगळे हलणार, तेव्हा मध्ये अंतर ठेवायचं, नाहीतर भूकंपात एकमेकांवर आपटतील.

तिसरं कारण मीठ, आणि याच्यावर जरा जास्त थांबतो कारण परीक्षेतही प्रश्न येतो आणि आपल्या किनाऱ्यावरही हाच छळ आहे. चांगलं काँक्रीट अल्कलीयुक्त असतं, त्यात सळई सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कली मारतो. त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा 25 वर्षांत 15 मिलिमीटर आत गेला, तर 100 वर्षांत 60 नव्हे, 30. कव्हर 25 असेल तर तरीही संपलंच. समुद्राचे क्लोराइड तर अल्कली शाबूत असतानाही सळईला गाठतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो, मग काँक्रीट आतून फुटतं. आपण म्हणतो 'प्लास्टर पडलं'. प्लास्टर नव्हे, ते काँक्रीटच असतं.

तपासायचं कसं? कोअर काढून ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारा. गुलाबी झालं तर अल्कली आहे, रंग आला नाही तर कार्बोनेशन झालेलं. केमिस्ट्री लॅबमध्ये टायट्रेशनला वापरतो तेच. पण क्लोराइड यात दिसत नाही, त्यासाठी काँक्रीटचा भुगा घेऊन वेगळी रासायनिक चाचणी. हाफ-सेल पोटेन्शियल -350 मिलिव्होल्टच्या खाली गेलं की गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. रिबाउंड हॅमर फक्त वरची कातडी सांगतो, त्याच्यावर भिस्त ठेवून 'इमारत ठीक आहे' किंवा 'पाडा' असं लिहू नये. आणि खराब निघालेल्या कवचाची दुरुस्ती सोपी कधी होते? आतला सांगाडा त्याच्यावर टेकलेला नसतो तेव्हा. पेटीत पेटीचं तिसरं कारण ते हेच.

याशिवाय एक चाचणी पुस्तकात फारशी सापडत नाही. या गोदामात काय ठेवत होते, हे विचारणं. मीठ असेल तर फरशी आणि भिंतीचा खालचा मीटरभर क्लोराइडने भरलेला मिळेल. अमोनियम सल्फेटसारखं खत असेल तर काँक्रीट रसायनानेच खाल्लेलं. तेल किंवा मासळी असेल तर वास, जो पावसाळ्याच्या दमट हवेत पुन्हा उठतो, आणि वास येणाऱ्या खोलीचं भाडं कोण देतो?

आगीचं थोडक्यात. पोतं पळत नाही, माणूस पळतो, तोही झोपेतून उठून, अनोळखी जागेत, धुरात. म्हणून गोदामाला एक मोठं दार चालतं, हॉटेलला दोन वेगळ्या दिशांना वाटा लागतात, अलार्म लागतो. मोकळं उंच छप्पर दिसायला सुंदर, पण त्याखाली धूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. त्याचं गणित आधी करायचं.

एवढा खटाटोप करून हे परवडतं का? नव्या इमारतीपेक्षा स्वस्त पडतं असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. तपासणी, दुरुस्ती, आतला नवा सांगाडा, सगळ्याला पैसा लागतो. हॉटेल सायकलचं भाडं काही होस्टेलच्या खिशाला झेपणारं नाही. पण त्या छपराखाली खोली न घेताही जाता येतं. बेकरीतून पाव घेऊन खाडीकडे तोंड करून बसता येतं. धक्का हमालांचा होता, तो कुंपण घालून पाहुण्यांपुरता केलेला नाही. मला या सगळ्या प्रकल्पातलं हे सर्वात पटतं, आयएस कोडमध्ये याला कलम नाही तरी.

मिनी प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी शेवटचं. सुट्टीत किनाऱ्याकडे गेलात आणि एखादं बंद गोदाम दिसलं, तर मालकाची परवानगी घेऊन आत जा. टेप, टॉर्च, वही आणि फिनॉल्फ्थॅलीनची बाटली पुरे. खांबांचं अंतर, छपराची उंची आणि खिडकीची वरची कड मोजा, खालच्या मीटरभर भिंतीचे फोटो काढा. कोअर काढायला लागू नका, ते गाइडना विचारून. आणि हॅमर बाहेर काढायच्या आधी तिथल्या जुन्या वॉचमनमामांना नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या हमालाला गाठून, चहा सांगून, इथे काय उतरायचं ते विचारून घ्या.