लेकराचं पाऊल पुठ्ठ्यावर काढा, मग बाजाराला जा



आपल्या वस्तीत नवे बूट-चपला घ्यायच्या वेळा दोनच. एक जयंतीच्या आधीची आणि दुसरी जूनमध्ये शाळा उघडतानाची. दोन्ही वेळा घाई असते, हातात पैसे मोजके असतात आणि वसमतच्या बाजारात गर्दी असते. १४ एप्रिलला मिरवणूक संपली की माझ्याकडे लेकरं येतात, टाचेला फोड आणि करंगळी सोललेली. काही मुली नवे सँडल हातात धरून अनवाणीच परत आलेल्या असतात.

चप्पल हातात धरणं ही आपल्या घरात साधी गोष्ट नाही. आपल्या आज्या-पणज्यांना वरच्या आळीतून जाताना पायातलं हातात घ्यावं लागायचं, हे किती तरी घरांतून अजून सांगितलं जातं. म्हणून जयंतीला चकचकीत बूट घेण्याचा आपला हट्ट मला कळतो. माझं म्हणणं एवढंच, की तो बूट दिवसभर पायात राहिला पाहिजे.

पहिली अडचण अशी, की बापमाणूस एकटाच बाजाराला जातो आणि लेकरू घरी राहतं. माप म्हणून खिशात सुतळीचा तुकडा किंवा तुराटीची काडी असते. सुतळीनं लांबी कळते, रुंदी कळत नाही. आणि आपले पाय तर रुंदच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांच्या पावलांची मापं घेतली. आपलं पाऊल युरोप-अमेरिकेतल्या माणसांपेक्षा रुंद असतं, असं त्यात निघालं. बुटावर छापलेला नंबर मात्र इंग्रजांच्या मापाचा. त्यामुळे लांबीला बरोबर बसणारा बूट चवड्याला आवळतो. मग माणूस एक नंबर मोठा घेतो, आणि टाच मागून निसटायला लागते.

यावर बिनपैशाचा उपाय आहे. संध्याकाळी लेकराला पुठ्ठ्यावर सरळ उभं करा. संध्याकाळीच, कारण दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. शाळेचा बूट असेल तर मोजा घालून उभं करा. दोन्ही पायांवर सारखं वजन हवं. पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ मारा. दोन्ही पावलं काढा, कारण बहुतेकांचा एक पाय जरा मोठा असतो आणि बूट मोठ्या पायाचाच घ्यायचा. रेघेवरून पुठ्ठा कापा आणि दुकानात तो बुटाच्या आत सरकवा. पुठ्ठा सपाट बसला, कडा कुठं वळल्या नाहीत आणि पुढं साधारण एक सेंटीमीटर जागा उरली, तर बूट त्या लेकराचा. कड दुमडली तर तिथंच पाय चावणार. लेकरू सोबत असेल तर पुठ्ठ्याची गरज नाही. दोन्ही बूट घालून त्याला दुकानाबाहेर दहा-वीस पावलं चालवा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

"सध्या घट्ट आहे, घातल्यावर सैल होईल" हे दुकानातलं वाक्य खऱ्या कातड्याच्या बाबतीत थोडंफार खरं आहे. रेक्झिन आणि प्लास्टिक ताणलं जात नाही, सैल होतो तो आपला पाय सोलून. बूट हातात धरून वाकवून बघा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, कारण आपला पाय तिथं वाकतो. मधोमध मोडल्यासारखा वाकणारा बूट परत ठेवा. आतून हात फिरवा, शिवण किंवा खिळ्याचं टोक बोटाला लागलं तर पायालाही लागणार.

आता दुसरी सवय, दोन वर्षं पुरतील म्हणून दोन नंबर मोठे घेण्याची. पैशाची ओढाताण मला माहीत आहे, माझ्या आईनंही पुढं चिंध्या कोंबून मला बूट घातले होते. पण एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर मोठा बूट पायातून निघू नये म्हणून लेकरू बोटं आकसून चालतं, अडखळतं आणि खेळाच्या तासाला बाजूला बसतं. एका नंबराची मोकळीक पुष्कळ झाली. लहान लेकरांचं पाऊल भराभर वाढतं, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी जुन्या पुठ्ठ्यावर उभं करून बघा. लेकरू आपणहून सांगत नाही. करंगळीवर लाली, टाचेवर घट्टा, आत रुतलेलं नख, शाळेतून येताच बूट भिरकावणं, यावरून ओळखायचं. चालायला शिकणाऱ्या बाळाला घरात बूट नकोच, उघड्या पायानं त्याचा तोल चांगला तयार होतो. पीं-पीं वाजणारे बूट पाहुण्यांच्या हौसेसाठी असतात.

थोरल्याचे बूट धाकट्याला चालतील का, असं बायका विचारतात. तळ एका बाजूनं झिजला नसेल आणि आत थोरल्याच्या बोटांचे खळगे पडले नसतील तर धुऊन, उन्हात वाळवून चालतील. नाही तर नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दलही बोलते. पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय शासनानं २०२३ मध्ये घेतला, एका मुलामागे १७० रुपये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. वंचित घटकांच्या पालकांनाही त्यात जागा आहे. आपल्यातलं कोणी समितीत असेल तर बैठकीत एकच मागणी ठेवा: बूट मागवण्याआधी प्रत्येक मुलाचं पाऊल मोजा. इयत्तेवरून नंबर ठरत नसतो. पाचवीतल्या दोन मुलांत तीन नंबरांचा फरक सहज निघतो.

मोठ्या माणसांकडे वळते. हळद काढायला, ऊस तोडायला, निंदायला आपल्या बाया रबरी स्लिपरवर किंवा अनवाणी जातात. ओल्या, घाण मातीतून आकडेकृमी तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या खाणाऱ्या बाईच्या पायात काय आहे, हे विचारायला आम्ही नर्साही विसरतो. शिवारात सापही पायालाच चावतो. पावसाळ्यात आणि अंधारात गमबूट, ते नसतील तर घोटा झाकणारे बंद बूट घाला. पायात घालण्याआधी उलटे करून झटका.

साखरेच्या आजाराचं मात्र सगळ्यांत जपायचं. आमच्या वस्तीतले एक मामा जयंतीला पोरानं आणलेले टोकदार बूट घालून दिवसभर फिरले. "काही दुखलं नाही," म्हणाले. दुखणार कसं, साखरेनं पायाची जाणीवच गेली होती. तिसऱ्या दिवशी मोजा ओला लागला तेव्हा जखम दिसली. मी दोन दिवस साधं ड्रेसिंग करत बसले, लगेच पाठवायला हवं होतं. पुढं करंगळी काढावी लागली.

म्हणून साखर असलेल्या माणसानं "दुखत नाही" यावर बूट घेऊ नये. पुढून रुंद, आतून मऊ आणि मागं पट्टा असलेली चप्पल घ्यावी. अंगठ्यात अडकवायची नको, जाणीव नसलेल्या पायातून ती कधी निसटली ते कळत नाही. नवा जोड पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायचा, काढून तळवा बघायचा, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगायचं. लाली दिसली तर तो जोड बाजूला. फोड किंवा जखम दिसली तर हळद भरू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांना मऊ रबराच्या एमसीआर चपला सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा.

आणि तो पुठ्ठा टाकू नका. मागं नाव आणि तारीख लिहून लेकराच्या दप्तराजवळ खिळ्याला अडकवा, दिवाळीत पुन्हा लागेल.