बाळाची नजर आणि बाळंतपण

गेल्या महिन्यात एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळ आईकडे पाहून हसत नव्हते, खुळखुळ्याकडे फक्त आवाजाने वळत होते. ‘‘डॉक्टरसाहेब, सिझर केलं म्हणून तर डोळ्यांत दोष आला नाही ना?’’ आजींनी विचारले.

हा गैरसमज फार घरांत आहे. सिझरमुळे नजर जात नाही. नैसर्गिक बाळंतपणात, विशेषतः व्हॅक्यूम लावल्यास, बाळाच्या डोळ्यात आतून रक्ताचे बारीक ठिपके येतात, पण ते बहुधा काही आठवड्यांत विरून जातात. चिमटा लावताना क्वचित बुबुळाला इजा होते. बुबुळ धुरकट दिसल्यास लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

खरा धोका कमी दिवसांच्या बाळाला असतो. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांची वाढ नववा महिना भरेपर्यंत चालते. बाळ आधीच जन्मले की ती अर्धवट राहते. त्यात प्राणवायू प्रमाणाबाहेर मिळाला तर वाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि शेवटी पडदा ओढून सुटतो. हा आजार १९४२ साली प्रथम नोंदला गेला. प्राणवायू जीव वाचवतो, तो नाकारू नये. मात्र तो मोजूनमापून द्यावा लागतो.

बाहेरून डोळे अगदी चांगले दिसतात. म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. २८ आठवड्यांपूर्वीचे किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. एका तपासणीवर थांबू नये. डॉक्टर सांगतील तितक्या वेळा जावे. वेळेत सापडल्यास लेसरने किंवा इंजेक्शनने नजर बहुधा वाचते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या आजाराचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आपल्याकडे सव्वा महिना बाळ घराबाहेर काढत नाहीत. हे ३० दिवस नेमके त्यातच निघून जातात.

आजींचा नातू आठव्या महिन्यात, दीड किलोचा जन्मलेला. सव्वा महिना व्हायचा होता म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी सर्दीसाठी त्यांनी मलाच घरी बोलावले होते. मी छाती तपासली, औषध दिले. जन्माचे वजन विचारले नाही. आता दोन्ही पडदे सुटले आहेत.

तेव्हापासून दवाखान्यात तान्हे बाळ आले की माझा पहिला प्रश्न वजनाचा असतो. डॉक्टर विसरले तर, वाचकहो, तुम्ही आठवण करून द्या.