अर्ज आणि प्रस्ताव

आम्ही गेली अनेक वर्षे वर्गात अर्जलेखन शिकवीत आलो. ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ आणि ‘माझ्या विनंतीचा सहानुभूतीने विचार व्हावा’ हा साचा आमच्या मुलांना तोंडपाठ असतो. या शिकवणीतील उणीव ध्यानात आली ती एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याने सोलर वॉटर हीटर बसविण्याचा व्यवसाय सुरू केला आहे. दोनशे मुलींच्या एका वसतिगृहास द्यावयाचा प्रस्ताव तो आम्हांस दाखविण्यास घेऊन आला. चार पानांपैकी तीन पाने त्याच्या स्वतःविषयीच होती : आईने केलेली मजुरी, आयटीआयचे शिक्षण, आणि शेवटी ‘होतकरू तरुणास एक संधी द्यावी’. वाचताना आमचे डोळे पाणावले. परंतु पहाटे पाच वाजता दोनशे मुलींना गरम पाणी कसे मिळणार, हे त्यात कोठेच नव्हते.

तो प्रस्ताव नव्हताच. तो आम्हीच शिकविलेला अर्ज होता. अर्जात एक मागतो आणि दुसरा देतो किंवा नाकारतो. प्रस्तावात गरज एकाची असते, कौशल्य दुसऱ्याचे. दोघे समोरासमोर बसून व्यवहार ठरवितात. ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके हात पसरावयास लावले गेले, त्यांच्या मुलांना हा फरक शाळेतच कळावयास हवा होता.

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर व्यवहाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार. ग्राहक येऊही लागले. पुढे सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ते येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. कागद कितीही निर्दोष असला तरी वाचणाऱ्याच्या मनातील जात त्याने पुसली जात नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच नकारास सोयीचे निमित्त मिळेल अशी फट आपल्या कागदात तरी राहू नये, असे आमचे मत आहे.

आम्ही त्यास प्रथम वसतिगृहात परत पाठविले. लिहिण्यापूर्वी पाहावे, विचारावे. परत आला तो वही भरून. आता पहिला परिच्छेद वसतिगृहाचा झाला : मुली किती, आंघोळीची वेळ कोणती, सध्याच्या गीझरचे वीजबिल किती. मग हिशेब. साठ अंशांचे दहा लिटर पाणी तितक्याच थंड पाण्यात मिसळले की एका मुलीची बादली होते. म्हणजे रोज दोन हजार लिटर. एवढ्या पाण्याचेच वजन दोन टन भरते, तेव्हा गच्चीचा स्लॅब तपासून घ्यावा लागेल, हेही लिहिले. तो प्रथम कचरला. अडचण आपणच सांगितली तर काम जाईल, असे त्यास वाटले. आमचा अनुभव उलट आहे. ढगाळ दिवसांत विजेचा आधार लागेल, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने काचेच्या नळ्यांत थर साचतो, हे जो आधी सांगतो त्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो.

दराच्या पानावर मात्र संदिग्धता नको. जीएसटी धरून की वगळून, नळजोडणी व गच्चीवरील ओटा कोणाकडे, रक्कम किती टप्प्यांत, दर किती दिवस कायम, देखभाल किती वर्षे : हे न लिहिल्यानेच पुढे तंटे होतात. स्वतःची ओळख शेवटच्या अर्ध्या पानात. पूर्वी केलेली दोन कामे आणि तेथील संपर्क एवढे पुरे.

सरकारी निविदांविषयी थोडे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. वस्तू व सेवांच्या निविदांत नोंदणीकृत उद्योगास अनामत रकमेतूनही सूट मिळते. परंतु आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि त्या कमी दरात काम करण्याची तयारी दाखवावी लागते. तेथेही हिशेब चुकविता येत नाही. तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही दर लिहू नये. तेवढ्यावरून निविदा बाद होते.

नवा प्रस्ताव दोन पानांचा झाला. अधीक्षिकाबाईंनी त्यास गच्ची पाहण्यास बोलाविले आहे. जाताना, टाकीतील पाण्याचा नमुना तपासणीस आणावा म्हणून, तो एक रिकामी बाटली बरोबर घेऊन गेला.