आदर वाटणे पुरेसे आहे काय?

वाचावयाचा शास्त्रभाग : लूक १०:२५-३७, मार्क १:४०-४५



मनुष्याने बरेवाईट ठरविताना केवळ बुद्धीचे ऐकावे, भावनांस त्यात वाव देऊ नये, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. भावना म्हणजे घोडा आणि बुद्धी म्हणजे लगाम, असे ते सांगतात. परंतु घोडाच नसेल, तर नुसता लगाम हाती धरून कोण कोठे पोहोचणार? भीती, किळस, दया, राग, लाज आणि आदर ही सर्व देवाने दिलेली साधने आहेत. ती कशी वापरावीत एवढे मात्र शिकावे लागते. या पाठात आम्ही मुख्यत्वे आदर या भावनेचा विचार मुंबईतील शिवडी व तिच्या शेजारचे परळ या ठिकाणांच्या आधारे करणार आहोत.

१. कौतुक आणि आदर. शिवडी स्थानकाच्या पूर्वेस खाडीची दलदल आहे. थंडीच्या दिवसांत तेथे गुलाबी पंखांचे रोहित पक्षी उतरतात, आणि ओहोटीची वेळ साधून लोक त्यांस पाहावयास मुद्दाम जातात. ते दृश्य पाहून मन हरखते व निर्माणकर्त्याची स्तुती सुचते. हे कौतुक चांगलेच आहे. परंतु ते पक्षी आपणांपाशी काही मागत नाहीत. आपण पाहतो, आनंदतो आणि घरी येतो.

त्याच शिवडीत महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. आशियातील मोठ्या क्षयरोग रुग्णालयांत त्याची गणना होते. तेथे सेवा करिता करिता कित्येक कर्मचाऱ्यांस हाच रोग जडला व काहींनी प्राणही गमावले. तरी खाटांपाशी उभे राहणारे हात थांबले नाहीत. हे ऐकून मनात जे उठते, ते कौतुकाहून वेगळे असते. “हे चांगले आहे,” एवढे सांगून ते गप्प बसत नाही; “तूही असे कर,” असे ते म्हणते. यासच आम्ही आदर म्हणतो.

२. आदर भीतीस हटवितो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा हजारो लोक शहर सोडून पळाले. ओडेसा येथे जन्मलेले यहूदी शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत प्लेगवर लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली. लोकांस लशीचे मोठे भय वाटत होते. त्या समयी आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली व त्यांचे पाहून पुष्कळांस धीर आला. जे काम समजावणीने झाले नसते, ते एकाने पुढे होण्याने झाले. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नराच्या वाड्यात गेली, आणि १९२५ साली त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले. ती शिवडीपासून फार दूर नाही.

३. भावनेस चौकशीची जोड हवी. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. लोकांस दुःख व संताप वाटला, आणि तो वाटणे योग्यच होते. इतक्या मृत्यूंनी ज्याचे मन हलत नाही, तो मनुष्य कसला? परंतु तो संताप हाफकिन यांच्या माथी बसला व त्यांस कामावरून दूर करण्यात आले. त्या १९ जणांची लस एकाच बाटलीतील होती. ती बाटली गावात उघडतेवेळी दूषित झाली असावी, असे पुढे दिसून आले, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. यावरून असे शिकावे की, राग अन्यायाकडे बोट दाखवितो खरा, पण अन्याय करणारा कोण हे शोधण्याचे काम बुद्धीचे आहे.

४. आमची कबुली. आमच्या मंडळीतील एक तरुण कामासाठी मुंबईस गेला व क्षयाने आजारी पडला. आम्ही त्यास शिवडीच्या रुग्णालयात भेटावयास गेलो. तेथे एक वयस्क परिचारिका त्यास आधार देऊन बसवीत होती. “गोळ्या अर्ध्यावर सोडू नकोस हं, बाळा,” असे ती म्हणाली. आमचे डोळे भरून आले. गावी परतल्यावर आम्ही तिच्यावर उपदेश केला, आणि मंडळीतही पुष्कळांनी डोळे पुसले.

काही महिन्यांनी तो तरुण पुरता बरा होऊन आला. रविवारी तो ज्या बाकावर बसला, तो बाक रिकामाच राहिला. प्रभुभोजनाच्या वेळी कोणी आमच्या कानी कुजबुजले की, त्यास प्याला शेवटी द्यावा. आम्ही काही न बोलता तसेच केले. त्याने खाली घातलेली मान वर केली नाही, आणि पुढल्या रविवारी तो आला नाही.

क्षय हा फुप्फुसाचा रोग झालेल्या माणसाच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो. ताटवाटी, कपडे किंवा हात हाती घेणे यांनी तो पसरत नाही. योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्गाचे भय लवकरच ओसरते, आणि साधारण क्षय सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. हे आम्हांस ठाऊक होते. तर मग आम्हांस अडविले कोणी? अज्ञानाने नव्हे. आमचा आदर डोळ्यांतील पाण्यापर्यंत आला आणि तेथेच थांबला.

तेव्हा लाजेने आपले काम केले. आम्ही त्याच्या घरी गेलो, त्याच्या शेजारी बसून जेवलो व क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, “पाळकसाहेब, शिवडीस मला कोणी दूर बसविले नाही.” पुढल्या प्रभुभोजनास तो आला. आमच्या मंडळीतील एक वृद्ध आजी काठी टेकीत सरळ त्याच्या बाकापाशी गेल्या व त्याच्या शेजारी बसल्या. त्यांच्या मागोमाग एक कुटुंब गेले. बाक भरला. आमच्या उपदेशाने जे झाले नव्हते, ते आजींच्या बसण्याने झाले.

५. प्रभूची रीत. लूकाच्या शुभवर्तमानातील शास्त्र्याने प्रभूच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले. शोमरोन्याने दया केली, हे त्यास कळले. पण प्रभूने त्याची वाहवा करून त्यास घरी पाठविले नाही. जाऊन तसेच कर, असे सांगितले. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभूस कुष्ठरोग्याचा कळवळा आला आणि त्याने हात पुढे केला. कळवळा आणि हात यांमध्ये प्रभूने अंतर पडू दिले नाही. आमच्यात मात्र ते अंतर कित्येक आठवड्यांचे पडले होते.

यास्तव, बंधुभगिनींनो, कोणाविषयी आदर वाटला म्हणजे त्याच दिवशी एक लहान गोष्ट करावी : कोणाच्या शेजारी जाऊन बसावे, कोणाच्या घरी जेवावे, कोणाची क्षमा मागावी. अशाने आदर जिवंत राहतो. न केल्यास तो नुसती स्तुती होऊन राहतो.

विचारासाठी प्रश्न

१. आपणांस ज्याचा आदर वाटतो, त्याच्यासारखे आपण या आठवड्यात काय केले?

२. आपल्या मंडळीत कोणता बाक रिकामा राहतो? का?

३. ज्याची आपणांस भीती किंवा किळस वाटते, त्याविषयी खरी माहिती आपण कोणास विचारली आहे काय?